अवतरणाधिष्ठित निबंध

एखाद्या ग्रंथकाराचे वा विचारवंताचे छोटे विधान विद्यार्थ्यापुढे ठेवावे, त्याचा अर्थ त्याने स्वतःच्या शब्दांत उलगडावा, ते आपणास कितपत मान्य आहे हे सांगावे आणि आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ वाचलेल्या साहित्यकृतींतील आधार द्यावेत, अशी अपेक्षा असलेल्या शैक्षणिक लेखनप्रकारास अवतरणाधिष्ठित निबंध म्हणता येईल. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील शालान्त परीक्षेत तो ‘क्रिटिकल लेन्स’ म्हणजे समीक्षेचे भिंग ह्या नावाने काही वर्षे रूढ होता. फ्रान्समधील ‘दिसेर्तासिआँ’, इंग्रजी विद्यापीठांतील ‘चर्चा करा’ ह्या आज्ञार्थाने संपणारे प्रश्न आणि भारतीय भाषांच्या अभ्यासक्रमांतील कल्पनाविस्तार वा विचारविस्तार हे त्याचे जवळचे नातलग होत. परीक्षेतील एक साधा प्रश्नप्रकार म्हणून त्याकडे पाहिले जात असले, तरी त्याची पूर्वपीठिका सुमारे दोन हजार वर्षांची आहे. ह्या दीर्घ इतिहासात एक प्रश्न पुन:पुन्हा उपस्थित झालेला दिसतो : अवतरण हे प्रमाणवचन मानावयाचे, की तपासून पाहावयाची प्रतिज्ञा? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या काळी जसे दिले गेले, तसे ह्या निबंधाचे स्वरूप घडले. त्याची भरभराट व अवनती ह्यांचा उगमही तेथेच आढळतो.

स्वरूप : ह्या निबंधात तीन कृती अभिप्रेत असतात. पहिली अर्थनिर्णयाची. विधानातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालणे म्हणजे अर्थनिर्णय नव्हे. विधानाची व्याप्ती किती, ते सर्वकाळ लागू आहे की बहुधा, त्यामागे कोणते गृहीत आहे, ह्यांचा उलगडा त्यात यावा लागतो. दुसरी कृती भूमिका घेण्याची. तीत संपूर्ण सहमती, असहमती वा मर्यादित सहमती संभवते. तिसरी कृती प्रत्यंतराची, म्हणजे साहित्यकृतीतील आधार मांडण्याची. येथे कथासार सांगणे पुरेसे ठरत नाही. कृतीतील कोणता प्रसंग, कोणत्या पात्राचे परिवर्तन किंवा कोणता शेवट विधानाला बळ देतो अथवा छेद देतो, ते दाखवावे लागते. रसग्रहणात साहित्यकृती हाच विषय असतो. सामान्य निबंधात लेखकाचा अनुभव, वाचन व कल्पना ह्यांना मोकळीक असते. अवतरणाधिष्ठित निबंधात मात्र विधान हा वादविषय आणि साहित्यकृती ही साक्षीदार, असे नाते असते.

ग्रीक व रोमन पूर्वपीठिका : प्राचीन ग्रीक वक्तृत्वशिक्षणात भाषणकलेच्या आधी ‘प्रोजिम्नास्माता’ म्हणजे पूर्वाभ्यास ह्या नावाची चढत्या क्रमाची लेखनपाठमाला असे. तीत ‘ख्रेइआ’ व ‘ग्नोमी’ असे दोन पाठ होते. ख्रेइआ म्हणजे विशिष्ट व्यक्तीच्या नावावर असलेले, जीवनास उपयुक्त असे वचन किंवा कृत्य. ग्नोमी म्हणजे सर्वसामान्य स्वरूपाचे नीतिवचन. अलेक्झांड्रियाचा थीऑन (सामान्यतः इ. स. पहिले शतक) ह्याच्या ग्रंथात ख्रेइआवर करावयाच्या अभ्यासांची यादी आढळते. वचन पाठ म्हणणे, ते निरनिराळ्या विभक्तींत व वचनांत फिरविणे, त्यावर भाष्य करणे, त्याचा विस्तार व संक्षेप करणे ह्यांबरोबरच त्याचे खंडन व मंडन करणे हेही अभ्यास थीऑनने सांगितले आहेत. वचन संदिग्ध आहे, असंभाव्य आहे, निरुपयोगी वा अहितकारक आहे, अशा मुद्द्यांवर विद्यार्थ्याने त्याचे खंडन करावे, अशी मुभा त्याच्या पद्धतीत होती.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिऑक येथील अफ्थोनियस ह्याने ह्या पाठांना निश्चित साचा दिला. लिबेनियस ह्या विख्यात वक्तृत्वाचार्याचा तो शिष्य. त्याच्या चौदा पाठांतील ख्रेइआच्या निबंधाला आठ अंगे आहेत : वक्त्याची प्रशंसा, वचनाचा अनुवाद, कारण, विरुद्ध पक्ष, उपमान, उदाहरण, प्राचीनांची साक्ष व अल्प उपसंहार. नमुन्यादाखल त्याने आयसॉक्रेटीझ ह्याच्या नावावरील शिक्षणाचे कष्ट व फळ ह्यांविषयीचे वचन घेतले आहे. उदाहरण म्हणून डिमॉस्थिनीझचे परिश्रम, तर साक्ष म्हणून हीसिअडचे काव्य त्यात येते. वचनाचा अर्थ काव्याच्या आधाराने पटविण्याचा प्रघात अशा रीतीने अभ्यासक्रमाचे अधिकृत अंग बनला. तथापि ह्या साच्याची दिशा मंडनाचीच आहे. ‘विरुद्ध पक्ष’ हे अंगदेखील वचनाला आव्हान देत नाही. वचनाप्रमाणे न वागणाऱ्याची काय गत होते, एवढेच ते सांगते. खंडनाचा पाठ अफ्थोनियसने स्वतंत्र ठेवला व त्यासाठी पुराणकथेचा विषय निवडला. थीऑनने ख्रेइआच्या निबंधात ठेवलेली असहमतीची वाट येथे बंद झाली.

रोममध्ये क्विंटिलियन ह्याने पहिल्या शतकात ह्या पाठांचा समावेश व्याकरणशिक्षकाच्या कार्यात केला. त्याच शतकात सेनिका ह्याने आपल्या एका पत्रात निराळा विचार मांडला. मुलांनी वचने पाठ करावीत हे त्याला मान्य आहे; परंतु प्रौढ माणसाने इतरांच्या वचनांवर विसंबून राहणे त्याला लाजिरवाणे वाटते. माणसाने स्वतःचे असे काही बोलावे आणि पूर्वसूरींना मार्गदर्शक मानावे, स्वामी मानू नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. अवतरणाधिष्ठित शिक्षणावरील हा एक आद्य आक्षेप होय.

मध्ययुग व प्रबोधनकाल : हर्मोजिनीझच्या नावावर असलेल्या पूर्वाभ्यासांचे लॅटिन रूपांतर प्रिशियन ह्याने सहाव्या शतकाच्या सुमारास केले आणि त्याद्वारे हे पाठ मध्ययुगीन यूरोपात पोहोचले. वेचक वचनांचे संग्रह तयार करण्याची प्रथा ह्या काळात वाढली. आयर्लंडचा टॉमस ह्याने पॅरिस येथे १३०६ मध्ये पूर्ण केलेला मानिपुलुस फ्लोरुम हा संग्रह विशेष प्रसिद्ध आहे. विषयवार रचनेमुळे प्रवचनकारांना त्यातून हवे ते वचन चटकन सापडे. मात्र मूळ ग्रंथाशी असलेला वचनाचा संबंध त्यामुळे शिथिल झाला.

प्रबोधनकाळात इरॅस्मसने ह्या परंपरेस नवे वळण दिले. त्याच्या म्हणींच्या संग्रहाची पहिली आवृत्ती पॅरिस येथे १५०० मध्ये निघाली, तेव्हा तीत सुमारे ८०० म्हणी होत्या. १५३६ च्या आवृत्तीत ही संख्या ४,००० च्या वर गेली. प्रत्येक म्हणीखाली ती कोणत्या कवीने वा नाटककाराने कोणत्या प्रसंगी वापरली, ह्याचे विवेचन तो करतो. लंडन येथील सेंट पॉल्स स्कूल ह्या शाळेसाठी लिहिलेल्या शब्दार्थसमृद्धीविषयक ग्रंथात (१५१२) त्याने विद्यार्थ्यांना टिपणवही ठेवण्याचा सल्ला दिला. वाचन करताना आढळलेली वचने व दृष्टान्त विषयवार नोंदवावेत आणि निबंधाच्या वेळी त्यांचा उपयोग करावा, अशी ही पद्धत होती. अफ्थोनियसचे लॅटिन अनुवादही ह्या काळात यूरोपभर शालेय पाठ्यपुस्तके म्हणून वापरले जात. जॉन ब्रिन्स्ली ह्या इंग्रज शिक्षकाच्या १६१२ मधील अध्यापनविषयक ग्रंथावरून व्याकरणशाळांत नीतिवचनांवर निबंध कसे लिहून घेतले जात, ह्याची कल्पना येते. टिपणवहीची सवय पुढे प्रौढपणीही टिके. मिल्टन ह्याची अशी वही ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहे.

ह्याच परंपरेतून, पण तिच्याशी वाद घालीत, आधुनिक निबंधाचा जन्म झाला. माँतेन ह्याच्या निबंधांत (पहिली आवृत्ती १५८०) लॅटिन अवतरणांची रेलचेल आहे. परंतु अवतरण हे तेथे विचाराचा आरंभ असते, निर्णय नव्हे. पंडितांनी इतरांची मते सांगत राहावे व स्वतःचे काहीच सांगू नये, ह्या वृत्तीचा तो कठोर उपहास करतो. शालेय निबंध व ललित निबंध ह्या दोहोंचे मूळ एकाच टिपणवहीत असले, तरी एकाने वचनापुढे मान तुकविली व दुसऱ्याने त्याच्याशी संवाद मांडला.

चीनमधील बागूवेन : अवतरणावर निबंध लिहिण्याची सर्वांत काटेकोर परीक्षापद्धती यूरोपबाहेर, चीनमध्ये, स्वतंत्रपणे विकसित झाली. यूरोपीय परंपरेशी तिचा काही संबंध नाही; तथापि अवतरणास सर्वाधिकार दिला असता निबंधाचे काय होते, हे पाहण्यासाठी तिचा विचार आवश्यक ठरतो. वांग आनशी ह्याने १०७१ च्या सुमारास शासकीय सेवापरीक्षेत पद्यरचनेऐवजी अभिजात ग्रंथांच्या अर्थविवेचनावर भर दिला. पुढे युआन राजवटीने १३१३ मध्ये कन्फ्यूशियन परंपरेतील ‘चार ग्रंथ’ व त्यांवरील जू शी (११३०–१२००) ह्याचे भाष्य परीक्षेचा आधार म्हणून विहित केले. मिंग काळात, विशेषतः १४६५–८७ ह्या कालखंडात, ‘बागूवेन’ म्हणजे अष्टपाद निबंधाचा साचा स्थिर झाला. आरंभी दोन वाक्यांत विषयवचन ‘फोडावयाचे’, नंतर ते पुढे न्यावयाचे आणि समांतर वाक्यरचनेच्या जोडखंडांतून त्याचा विस्तार करून समारोप करावयाचा, असा त्याचा क्रम असे. उमेदवाराने प्राचीन ऋषीच्या वतीने बोलावे, असा दंडक होता. साहजिकच ऋषीशी असहमत होण्याचा प्रश्नच उद्‌भवत नसे.

परीक्षांचे चक्र शतकानुशतके चालल्याने ठराविक ग्रंथांतील वचने पुन:पुन्हा येऊ लागली व उमेदवार तयार निबंध पाठ करू लागले. त्यावर उपाय म्हणून परीक्षकांनी एका वचनाचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ जोडून विषय देण्याची युक्ती काढली. संदर्भापासून तोडलेल्या अशा तुकड्यांतून अर्थ काढणे हे बुद्धिचातुर्य ठरले, अर्थबोध नव्हे. गू येनवू (१६१३–८२) ह्या विद्वानाने अष्टपाद निबंधाने केलेली हानी ग्रंथदहनाइतकीच मोठी मानली. अठराव्या शतकात वू जिंगझी ह्याच्या कादंबरीने परीक्षार्थी विद्वानांचे उपहासचित्र रेखाटले. १८९८ च्या अल्पजीवी सुधारणांत हा निबंध रद्द झाला, पण लवकरच पुन्हा चालू करण्यात आला. १९०१ च्या आज्ञेने तो अखेर बंद झाला व १९०५ मध्ये संपूर्ण परीक्षापद्धतीच संपुष्टात आली. तथापि ह्या निबंधाने सूक्ष्म वाचनाची व बांधेसूद रचनेची शिस्त अनेक पिढ्यांना लावली, हेही मान्य करावे लागते.

फ्रान्स व इंग्लंड : आधुनिक यूरोपात अवतरणाधिष्ठित निबंधाला सर्वांत पद्धतशीर रूप फ्रान्सने दिले. एकोणिसाव्या शतकात तेथील माध्यमिक शिक्षणात लॅटिन भाषणलेखनाला प्राधान्य होते. १८८० च्या सुधारणांनी त्याची जागा फ्रेंच निबंधाने घेतली. ऐतिहासिक पात्राच्या तोंडी भाषण घालण्याऐवजी साहित्यविषयक प्रश्नावर स्वतःचे मत युक्तिवादाने मांडणे, हे ह्या बदलाचे मर्म. ग्यूस्ताव्ह लांसाँ (१८५७–१९३४) ह्या साहित्येतिहासकाराच्या लेखनाने व अध्यापनाने त्याला वैचारिक बैठक मिळाली. फ्रेंच पद्धतीत समीक्षकाचे वा लेखकाचे विधान विषय म्हणून दिले जाते. विद्यार्थ्याने त्यातील मूळ समस्या शोधून प्रश्नरूपाने मांडावी, नंतर पक्ष, प्रतिपक्ष व समन्वय अशा क्रमाने विवेचन करावे आणि प्रत्येक मुद्द्याला साहित्यकृतीचा नेमका आधार द्यावा, अशी अपेक्षा असते. अफ्थोनियसने वगळलेला प्रतिपक्ष येथे निबंधाच्या मध्यभागी आला. पुढे त्रिखंडी आराखड्याचाही ठोकळा बनला व पक्ष खरा, प्रतिपक्षही खरा, सत्य दोहोंमध्ये, असे नि:सत्त्व निबंध निपजू लागले, अशी टीका फ्रान्समध्येच झाली. शालान्त परीक्षेतील फ्रेंच भाषेची चाचणी १९६९ पासून एक वर्ष आधी घेतली जाते. २०१९ मध्ये अमलात आलेल्या सुधारणेनंतर हा निबंध अभ्यासक्रमात नेमलेल्या साहित्यकृतींशी बांधण्यात आला आहे.

इंग्लंडमध्ये समीक्षकाचे विधान देऊन त्याची चर्चा करावयास सांगणे हा विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांचा सर्वपरिचित प्रकार आहे. आय्. ए. रिचर्ड्‌स ह्याचा प्रॅक्टिकल क्रिटिसिझम (१९२९) हा ग्रंथ ह्या संदर्भात उद्‌बोधक ठरतो. केंब्रिजमध्ये त्याने कवींची नावे वगळून कविता विद्यार्थ्यांना अभिप्रायार्थ दिल्या. नाव व कीर्ती ह्यांचा आधार काढून घेताच सुशिक्षित वाचकही अर्थ लावताना चाचपडतात व ठरीव प्रतिसादांचा आश्रय घेतात, असे त्याला आढळले. अवतरणाखालील नाव हे वाचकाच्या निर्णयावर किती भार टाकते, ह्याचे हे अप्रत्यक्ष प्रात्यक्षिकच होय.

न्यूयॉर्क राज्यातील प्रयोग : न्यूयॉर्क राज्याच्या ‘रीजन्ट्स’ मंडळाची स्थापना १७८४ मध्ये झाली व त्याच्या शालेय परीक्षा १८६५ पासून सुरू झाल्या. १९९० नंतरच्या दशकात इंग्रजीची परीक्षा सर्व विद्यार्थ्यांना शालान्त पदविकेसाठी आवश्यक करण्याचे धोरण आले आणि जून १९९९ पासून तिचे नवे स्वरूप अमलात आले. प्रत्येकी तीन तासांच्या दोन सत्रांत चार लेखनकार्ये असत. त्यांपैकी शेवटचे ‘क्रिटिकल लेन्स’. एक अवतरण दिले जाई. विद्यार्थ्याने त्याचा अर्थ सांगावा, त्याच्याशी सहमती वा असहमती नोंदवावी आणि स्वतः वाचलेल्या दोन साहित्यकृतींच्या आधारे, पात्रचित्रण, संघर्ष, प्रतीक अशा वाङ्मयीन घटकांचा निर्देश करीत, आपली भूमिका सिद्ध करावी, असे सूचनांत स्पष्ट म्हटलेले असे. गुणांकनाची श्रेणी सहा गुणांची असून अर्थ, विकास, संघटन, भाषेचा वापर व लेखनसंकेत हे पाच निकष होते.

ह्या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय होत्या. असहमतीचा पर्याय प्रश्नातच नमूद असल्याने थीऑनची मुभा तत्त्वतः परत आली. शिवाय साहित्यकृती विद्यार्थ्याने स्वतः निवडावयाच्या असल्याने वर्गात शिकविलेल्या पुस्तकांबरोबर त्याच्या स्वतंत्र वाचनालाही स्थान मिळाले. व्यवहारात मात्र साचा पुन्हा वरचढ ठरला. कोणत्याही अवतरणाला लावता येतील अशी दोन-तीन पुस्तके आधीच तयार ठेवावीत, परिच्छेदांचा क्रम पाठ करावा, असे मार्गदर्शन रूढ झाले. अवतरणे बहुधा धैर्य, संकट, सत्य अशा व्यापक विषयांवरची असल्याने जवळजवळ कोणतीही कादंबरी त्यांना पुरावा म्हणून जोडता येई आणि सहमतीचा मार्ग सोपा ठरे.

अवतरणाच्या प्रामाण्याचा प्रश्न २००२ मध्ये वेगळ्याच बाजूने पुढे आला. ह्या राज्य परीक्षेत नामवंत लेखकांचे उतारे देताना वंश, धर्म, मद्यपान इत्यादींविषयीचे आक्षेपार्ह वाटणारे उल्लेख, तसा निर्देश न करता, वगळले वा बदलले जात असल्याचे एका पालकाच्या तपासणीतून उघड झाले. वृत्तपत्रांतून टीका झाल्यावर शिक्षण विभागाने ही प्रथा थांबविण्याचे जाहीर केले. ज्या शब्दांवर विद्यार्थ्याने विचार करावयाचा, ते शब्द मूळ लेखकाचेच असले पाहिजेत, हे किमान बंधन परीक्षकांवरही आहे, ही बाब त्यामुळे अधोरेखित झाली.

जानेवारी २०११ पासून परीक्षा एका सत्राची झाली. तीत ‘क्रिटिकल लेन्स’ कायम राहिला. पुढे ‘कॉमन कोअर’ ह्या नव्या शैक्षणिक मानकांनुसार जून २०१४ पासून दुसरी परीक्षा सुरू झाली व जुनी परीक्षा २०१६ मध्ये बंद पडली. नव्या परीक्षेत आधारासाठी उतारे छापून दिले जातात व त्यांतूनच युक्तिवाद करावा लागतो. पाठ केलेल्या मजकुराला त्यामुळे आळा बसला. परंतु संपूर्ण पुस्तक आठवून, त्याचा समग्र अर्थ ध्यानी घेऊन लिहिण्याची संधीही कमी झाली.

विवेचनाची पद्धती : अवतरणाची खरी परीक्षा कशी होते, हे उदाहरणाने स्पष्ट करता येईल. संकटकाळी माणसाचा मूळ स्वभाव प्रकट होतो, अशा आशयाचे एखादे विधान घेतल्यास शेक्सपिअरचे मॅक्‌बेथ हे नाटक वरवर पाहता त्याला अनुकूल वाटते. परंतु मॅक्‌बेथपुढे प्रथम संकट येत नाही. विजय, मानसन्मान व राज्यलाभाचे भाकीत येते. म्हणजे स्वभावाची कसोटी विपत्तीप्रमाणे संधीही घेते, अशी विधानाला पहिली दुरुस्ती करावी लागते. डंकनच्या वधापूर्वी कचरणारा मॅक्‌बेथ पुढे बँको व मॅक्डफचे कुटुंब ह्यांच्या हत्या सहज घडवितो. उलट आरंभी निश्चयी असलेली त्याची पत्नी अपराधाच्या भाराने खचते. तेव्हा कृत्याने स्वभाव प्रकट होतो, की कृत्यामुळे तो घडत जातो, हा अधिक मूलभूत प्रश्न उभा राहतो.

अमेरिकन शाळांत सर्वत्र वाचली जाणारी जॉन स्टाइनबेकची ऑफ माइस अँड मेन (१९३७) ही लघुकादंबरी त्याच विधानाला तिसरे वळण देते. शेवटी जॉर्ज आपल्या मंदबुद्धी मित्राला, लेनीला, पाठलाग करणाऱ्या जमावाच्या हाती पडण्यापूर्वी स्वतःच्या हाताने ठार करतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही हत्या दिसते. वाचकाला तिच्यातील ममता दिसते. कादंबरीतील काही पात्रांना मात्र जॉर्ज खिन्न का आहे, हेही उमगत नाही. स्वभाव प्रकट होतो हे मान्य केले, तरी तो कोणाला प्रकट होतो, हा प्रश्न विधानाने विचारलेलाच नसतो. अशा रीतीने वापरलेली साहित्यकृती विधानाचे केवळ उदाहरण न राहता त्याची मर्यादा दाखविते व त्यातील अर्थही वाढविते. दोन कृती मागण्याचे प्रयोजनही येथे ध्यानात येते. एक कृती विधानाला पुष्टी देऊ शकते, दुसरी त्याची चिकित्सा करण्यास भाग पाडते.

अवतरणाच्या मूळ संदर्भाचे भान हे ह्या पद्धतीचे दुसरे पथ्य होय. नाटकातील वा कादंबरीतील पात्राचे वाक्य लेखकाचे मत म्हणून उद्‌धृत केले जाते, तेव्हा अर्थाचा विपर्यास संभवतो. हॅम्लेटमध्ये पोलोनियस आपल्या मुलाला करतो तो उपदेश शेक्सपिअरचे शहाणपण म्हणून जगभर सांगितला जातो. परंतु तो उच्चारणारे पात्र बोलघेवडे व कारस्थानी असून पुढे त्याच मुलावर पाळत ठेवण्यासाठी माणूस पाठविते. हा संदर्भ कळल्यावर उपदेश खोटा ठरत नाही, पण त्याच्यामागील उपरोध दिसू लागतो.

भारतीय व मराठी परंपरा : सामान्य विधानाचे विशेषाने वा विशेषाचे सामान्याने समर्थन करणे, ह्यास संस्कृत साहित्यशास्त्रात अर्थांतरन्यास हा अलंकार मानले आहे. पंचतंत्रातील कथाही नीतिवचनाच्या प्रत्यंतरार्थ योजलेल्या आहेत. महाराष्ट्रातील नारदीय कीर्तनाची रचना तर अवतरणाधिष्ठित निबंधाशी विलक्षण जुळते. पूर्वरंगात कीर्तनकार संतवचन मूळपद म्हणून घेतो, इतर वचनांच्या आधारे त्याचे निरूपण करतो. उत्तररंगात एखादे आख्यान लावून तोच सिद्धान्त कथेतून प्रत्ययास आणून देतो आणि शेवटी मूळपदाकडे परततो. अर्थनिर्णय व कथाधार ही दोन्ही अंगे येथे पूर्ण विकसित आहेत. भूमिका मात्र श्रद्धेची असते व ते त्या प्रकाराच्या प्रयोजनाला धरूनच आहे.

मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) रुजलेल्या परीक्षापद्धतीत ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ हा प्रश्नप्रकार मराठीच्या अध्यापनातही स्थिरावला. कोणी, कोणास व केव्हा म्हटले, हे सांगून अर्थ स्पष्ट करावयाचा असल्याने त्यात संदर्भाला महत्त्व असते. भूमिकेला मात्र वाव नसतो. कल्पनाविस्तार वा विचारविस्तार ह्यात एखादी काव्यपंक्ती, म्हण किंवा सुविचार देऊन त्याचा विस्तार करण्यास सांगितले जाते. हिंदीत ‘पल्लवन’ वा ‘भावविस्तार’ व गुजरातीत ‘विचारविस्तार’ ह्या नावांनी हाच प्रकार परिचित आहे. विस्तार ह्या शब्दातच सहमती गृहीत धरलेली आहे. विद्यार्थी थोरांच्या चरित्रांतील ठरीव दाखले देतो; साहित्यकृतीची साक्ष काढण्याची अपेक्षा क्वचितच असते. वास्तविक वर चर्चिलेल्या विधानाच्या संदर्भात राम गणेश गडकरी ह्यांच्या एकच प्याला (१९१९) ह्या नाटकातील सुधाकराचा अध:पात विचारात घेतल्यास, न्यायालयातील अपमानाने त्याचा स्वभाव प्रकट झाला, की तळीरामाने पुढे केलेल्या मद्याने तो पालटला, हा प्रश्न मराठी विद्यार्थ्याच्या आवाक्यात सहज येतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत १९९३ पासून स्वतंत्र निबंधपत्रिका आहे. अलीकडील वर्षांत तीतील बरेच विषय सुभाषितवजा वाक्यांच्या स्वरूपात दिले जातात. साहित्यकृतींचा आधार तेथे सक्तीचा नसला, तरी अवतरणाचा अर्थ लावून भूमिका घेण्याचे कौशल्य त्यामुळे शालेय वर्गाबाहेरही निर्णायक ठरले आहे.

मूल्यमापन : अवतरणाधिष्ठित निबंधावरील मुख्य आक्षेप दोन. व्यापक विधानाच्या चौकटीत बसविताना साहित्यकृतीचे वेगळेपण पुसले जाऊन तिचे रूपांतर बोधकथेत होते, हा पहिला. परीक्षेच्या गरजेपोटी साचेबंदपणा अटळ होतो, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि ज्या परंपरांत असहमतीला स्थान नव्हते, तेथे हे दोष सर्वाधिक वाढले, असे इतिहासावरून दिसते. साच्यामुळे आरंभीच्या विद्यार्थ्याला आधार मिळतो. त्याच्या विचाराची मर्यादा मात्र साच्याने ठरवू नये. थोरांच्या नावावरील वाक्य वाचून त्याचा अर्थ नेमका लावणे, त्याच्यासमोर एखादी कथा वा नाटक उभे करून ते कितपत टिकते हे पाहणे आणि न टिकल्यास तसे सकारण सांगणे, ही क्षमता सुबुद्ध नागरिकत्वाचीही गरज आहे. अवतरणे मूळ संदर्भाविना व अनेकदा भलत्याच नावावर सर्वत्र प्रसृत होण्याच्या काळात तिचे महत्त्व कमी झालेले नाही. विद्यार्थ्याला ‘हे वचन पटत नाही’ असे लिहिता येते का आणि तसे लिहिल्यावर त्याच्या कारणांना गुण मिळतात का, ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ह्या निबंधप्रकाराचे शैक्षणिक मूल्य अवलंबून राहते.